कायद्याने सोपविलेला अधिकार : बियाण्याच्या पिशवीपासून संसदेपर्यंत

कायदे करणे हे विधानमंडळाचे काम, ते अमलात आणणे हे शासनाचे काम आणि त्यांचा अर्थ लावणे हे न्यायालयांचे काम, असे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचले आहे. ही विभागणी चुकीची नाही. पण ती अपुरी आहे. महसूल कार्यालयात, पंचायत समितीत, शाळेत किंवा बाजार समितीच्या आवारात नागरिकाचा ज्याच्याशी प्रत्यक्ष संबंध येतो, तो मजकूर बहुधा अधिनियमाचा नसतो. तो नियम, विनियम, अधिसूचना, आदेश किंवा उपविधी यांचा असतो. निवडून आलेल्या सभागृहाने तो शब्दशः संमत केलेला नसतो. सभागृहाने दिलेल्या अधिकाराखाली शासनाने, एखाद्या मंडळाने किंवा स्थानिक संस्थेने तो तयार केलेला असतो. यालाच प्रत्यायोजित विधान किंवा दुय्यम विधान असे म्हणतात.

अशा रीतीने सोपविलेला अधिकार हा उसना अधिकार होय. ज्या कलमातून तो आला, त्या कलमाच्या मर्यादेतच तो वापरता येतो आणि त्या कलमाने घालून दिलेल्या रीतीनेच वापरावा लागतो. हे सूत्र ऐकावयास सोपे आहे. तथापि त्याचा विसर पडला की एकीकडे अधिकारी आपल्या अधिकाराबाहेर जातो आणि दुसरीकडे नागरिक आपल्या हक्काचे असलेले मागावयास धजत नाही. प्रस्तुत लेखात हे सूत्र आपल्या परिचयाच्या एका वस्तूच्या आधारे समजून घेऊ. ती वस्तू म्हणजे तुरीच्या बियाण्याची पिशवी.

बदनापूरची तूर आणि १९६६ चा अधिनियम

जालना जिल्ह्यातील बदनापूर हे नाव कडधान्याच्या शेतकऱ्यांना नवे नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र येथे असून त्याने तूर व हरभरा यांचे अनेक वाण दिले आहेत. ‘बीडीएन’ आणि ‘बीएसएमआर’ या अक्षरांनी सुरू होणारी तुरीच्या वाणांची नावे या केंद्राचीच ओळख सांगतात. बीएसएमआर-७३६ हा लाल दाण्याचा वाण आणि बीडीएन-७११ हा पांढऱ्या दाण्याचा, सुमारे १५० ते १५५ दिवसांत तयार होणारा वाण मराठवाड्यात सर्वपरिचित आहे. जालना शहर तर बियाणे उद्योगासाठी देशभर प्रसिद्ध आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तेथे बियाणे कंपनी स्थापन केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

बियाण्याच्या गुणवत्तेसाठी संसदेने १९६६ मध्ये बियाणे अधिनियम संमत केला. हा अधिनियम वाचावयास घेतला तर त्यात तूर हा शब्द आढळत नाही, बीडीएन-७११ आढळत नाही आणि उगवणशक्तीची टक्केवारीही आढळत नाही. तरीही तुरीच्या प्रमाणित बियाण्याची उगवणशक्ती किमान ७५ टक्के असावी लागते. हरभऱ्यासाठी हे प्रमाण ८५ टक्के आणि सोयाबीनसाठी ७० टक्के आहे. मग हे आकडे आले कोठून?

उत्तर अधिनियमाच्या कलम ५ व ६ मध्ये आहे. कलम ५ नुसार केंद्र शासन, केंद्रीय बियाणे समितीशी विचारविनिमय करून, एखादे पीक किंवा वाण राजपत्रातील अधिसूचनेद्वारे ‘अधिसूचित’ म्हणून जाहीर करू शकते. निरनिराळ्या राज्यांसाठी निरनिराळे वाण अधिसूचित करण्याची मुभाही त्यात आहे. कलम ६ नुसार उगवणशक्ती व शुद्धता यांच्या किमान मर्यादा आणि पिशवीवरील खूणचिठ्ठीचा तपशील ठरविता येतो. कलम ७ मात्र संसदेचा स्वतःचा हुकूम आहे : अधिसूचित वाणाचे बियाणे ठरविलेल्या मर्यादेत बसत नसेल आणि त्यावर योग्य ती खूणचिठ्ठी नसेल, तर त्याच्या विक्रीचा व्यवसाय कोणीही करू नये. कलम ८ ने प्रमाणन यंत्रणा स्थापन करण्याची तरतूद केली आणि त्यानुसार आपल्या राज्याची बीज प्रमाणीकरण यंत्रणा अकोला येथे काम करते. कलम २५ ने नियम करण्याचा अधिकार दिला आणि त्यातून १९६८ चे बियाणे नियम आले. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवरील निळी खूणचिठ्ठी किंवा पायाभूत बियाण्याची पांढरी खूणचिठ्ठी ही या साखळीतील शेवटची कडी होय.

अशा प्रकारे संसद, केंद्र शासन, प्रमाणन यंत्रणा आणि बियाणे निरीक्षक असा अधिकाराचा प्रवास होतो. प्रत्येक टप्प्यावर अधिकार लहान होत जातो. मात्र त्याचा उगम संसदेतच राहतो.

संसदेने तपशील का लिहिला नाही?

याची कारणे सहज समजण्यासारखी आहेत. पहिले कारण वेळेचे. वाण दरवर्षी नवे येतात आणि जुने मागे पडतात. प्रत्येक वाणासाठी दोन्ही सभागृहांत विधेयक मांडावयाचे ठरविले तर बीजोत्पादन थांबून राहील. दुसरे कारण तज्ज्ञतेचे. मर रोग आणि वांझ रोग यांना एखादा वाण किती बळी पडतो, हे मतदानाने ठरविता येत नाही. तिसरे कारण स्थळभेदाचे. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत चांगला येणारा वाण अन्यत्र चांगला येईलच असे नाही. चौथे कारण अनुभवाचे. अंमलबजावणी सुरू झाल्यावर त्रुटी दिसतात, आणि नियम दुरुस्त करणे अधिनियम दुरुस्त करण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

या चौथ्या कारणाचे उत्तम उदाहरण १९६८ च्या नियमांतच आहे. पीक बुडाले तर शेतकऱ्याने काय करावे, याबद्दल मूळ अधिनियमात स्पष्ट तरतूद नव्हती. पुढे नियमांत ‘२३-अ’ हा नियम घालण्यात आला. अधिसूचित वाणाचे सदोष बियाणे मिळाल्याने पीक गेले अशी लेखी तक्रार शेतकऱ्याने केली, तर बियाणे निरीक्षकाने खूणचिठ्ठी, पिशवी आणि शक्य तेवढे शिल्लक बियाणे ताब्यात घेऊन त्या गटाचे नमुने विश्लेषणासाठी पाठवावेत, कारणांचा तपास करावा आणि अहवाल सक्षम प्राधिकाऱ्यास सादर करावा, असे हा नियम सांगतो. म्हणजे पेरणी झाल्यावर पिशवी व खूणचिठ्ठी फेकून देऊ नये, या कृषी खात्याच्या नेहमीच्या सूचनेमागे कायद्याचे बळ आहे, आणि ते बळ अधिनियमातून नव्हे, तर नियमातून आले आहे.

उलट बाजूही पाहावी. संसदेने जे आपल्याकडे ठेवले, त्यात दंडाची तरतूद होती. कलम १९ नुसार पहिल्या अपराधासाठी दंड ५०० रुपयांपर्यंत, आणि पुन्हा अपराध केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा ठरविणे हे सभागृहाचेच काम असल्याने हा आकडा अधिसूचनेने वाढविणे शक्य नव्हते. परिणामी वाणांची यादी काळाबरोबर चालत राहिली आणि दंडाची रक्कम अर्धशतकाहून अधिक काळ १९६६ सालीच थांबून राहिली. दंडाची ही रक्कम सरकारी तिजोरीत जमा होते. शेतकऱ्यास नुकसानभरपाई देण्याची व्यवस्था त्यात नाही. म्हणूनच शेतकरी ग्राहक मंचाकडे वळले आणि बियाणे अधिनियमामुळे ग्राहक मंचाची दारे बंद होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात दिला. नवा कायदा करण्याचे प्रयत्नही झाले. २००४ मध्ये विधेयक आले, पण त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. २०२५ मध्ये केंद्र शासनाने नवा मसुदा जनतेच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला.

काय सोपविता येते, काय येत नाही?

सभागृहाने आपले सर्वच अधिकार सोपवून टाकले तर निवडणुकीला अर्थ राहणार नाही. म्हणून ही सीमारेषा कोठे आहे, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर लगेच उपस्थित झाला. १९५१ मध्ये राष्ट्रपतींनी दिल्ली कायदे अधिनियमासंबंधी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागविले. सात न्यायाधीशांनी स्वतंत्र मते लिहिली. परंतु त्यांतून निघालेला सारांश आजवर मार्गदर्शक ठरला आहे. कायद्याचे धोरण ठरविणे आणि त्या धोरणाला बंधनकारक आचारनियमाचे रूप देणे हे विधानमंडळाचे मूलभूत कार्य असून ते सोपविता येत नाही. तपशील सोपविता येतो. अन्यत्र लागू असलेले कायदे योग्य त्या फेरफारांसह एखाद्या प्रदेशास लागू करण्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. मात्र प्रदेशात आधीपासून लागू असलेला कायदा रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार शासनाला देणारा भाग अवैध ठरला.

‘धोरण सांगितलेले आहे’ म्हणजे नेमके काय, हे दोन प्रकरणांवरून स्पष्ट होते. पहिले हरिशंकर बागला यांचे. १९४८ मध्ये इटारसी रेल्वे स्थानकावर परवान्याशिवाय नवे सुती कापड नेल्याबद्दल कापड नियंत्रण आदेशाखाली कारवाई झाली. प्रकरण नागपूर उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. आदेश ज्या १९४६ च्या अधिनियमाखाली निघाला होता, त्यात जीवनावश्यक वस्तूंचा पुरवठा टिकविणे वा वाढविणे आणि त्यांचे समन्यायी वाटप व रास्त भावात उपलब्धता साधणे, हा उद्देश स्पष्ट नमूद होता. एवढे दिग्दर्शन पुरेसे आहे, असे न्यायालयाने १९५४ मध्ये ठरविले. दुसरे प्रकरण १९६० चे, हमदर्द दवाखान्याचे. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर बंदी घालणाऱ्या १९५४ च्या अधिनियमात काही रोगांची नावे होती आणि ‘नियमांत नमूद होतील ते इतर रोग’ असेही म्हटले होते. हे इतर रोग कोणत्या कसोटीवर निवडावयाचे, हे अधिनियमाने सांगितले नव्हते. तेवढा भाग न्यायालयाने रद्द केला. पहिल्या प्रकरणात अधिकाराला काठ होते; दुसऱ्यात नव्हते.

बियाणे अधिनियम या कसोटीवर उतरतो. उद्देश गुणवत्तेचे विनियमन हा आहे, तज्ज्ञ समितीशी विचारविनिमय बंधनकारक आहे आणि विक्रीचे निर्बंध अधिनियमातच आहेत. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शेतकऱ्याने स्वतः पिकविलेले बियाणे आपल्याच जागेवर दुसऱ्याला पेरणीसाठी थेट विकले किंवा दिले, तर त्यास हा अधिनियम लागू होत नाही, असे कलम २४ सांगते. ही सूट संसदेने दिलेली असल्याने या अधिनियमाखालील कोणताही नियम ती काढून घेऊ शकत नाही.

आधार गेला की आदेश जातो

बियाणे विक्रेत्याला परवाना लागतो, साठा व दर यांचा फलक लावावा लागतो आणि ग्राहकास पावती द्यावी लागते. ही बंधने १९६६ च्या अधिनियमाची नाहीत. ती १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाची आहेत, आणि तो आदेश १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू अधिनियमाच्या कलम ३ खाली काढलेला आहे. त्याच अधिनियमाचे कलम ५ केंद्राचा अधिकार राज्य शासनास व अधिकाऱ्यांस पुन्हा सोपविण्याची मुभा देते. ज्याला अधिकार सोपविला, त्याने तो आपल्या मर्जीने तिसऱ्याकडे सोपवू नये, असा सामान्य नियम आहे. कायद्यात तशी मुभा असेल तरच ते चालते.

आदेश असा दुसऱ्या कायद्यावर उभा असला की काय होते, याचा अनुभव कापूस उत्पादकांना आला. जीवनावश्यक वस्तू अधिनियमात २००६ मध्ये दुरुस्ती होऊन वस्तूंची यादी अनुसूचीत घालण्यात आली आणि २००७ मध्ये ती अमलात आली. अनुसूचीत अन्नपिके, फळे व भाजीपाला, चारा आणि ताग यांची बियाणी होती. कापसाचे बियाणे नव्हते. बीटी कापसाच्या बियाण्याच्या किमतीचा प्रश्न त्याच काळात तीव्र होता. नियंत्रणाचा आधारच नाहीसा झाल्याने काही राज्यांनी स्वतंत्र कायदे केले. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याचा पुरवठा, वितरण, विक्री आणि किमती यांचे विनियमन करणारा अधिनियम केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कापसाचे बियाणे केंद्रीय अनुसूचीत पुन्हा समाविष्ट झाले. जालना जिल्ह्यासारख्या कापसाच्या प्रदेशात हा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. आदेश कितीही चांगला असो. ज्या अधिनियमावर तो उभा आहे, त्यातील एक शब्द हलला की तो कोलमडतो.

नियम आणि शासन निर्णय यांत भेद

आपल्या राज्यात कार्यालयीन व्यवहार मोठ्या प्रमाणात शासन निर्णयांवर चालतो. शासन निर्णय आणि नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियम एखाद्या अधिनियमातील कलमाखाली होतो, राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि कायद्याइतकाच बंधनकारक असतो. संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये ‘कायदा’ या शब्दाच्या अर्थात आदेश, उपविधी, नियम, विनियम आणि अधिसूचना यांचा समावेश केला आहे. म्हणूनच मूलभूत हक्कांचा भंग करणारा नियमही अधिनियमाप्रमाणेच रद्द होऊ शकतो. शासन निर्णय बहुधा शासनाच्या अनुच्छेद १६२ मधील कार्यकारी अधिकारातून निघतो. नियम जेथे मुग्ध आहेत तेथील पोकळी तो भरून काढू शकतो. परंतु नियमाविरुद्ध जाऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये संतराम शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. संविधान, अधिनियम, नियम आणि शासन निर्णय ही उतरंड आहे. वरचे मडके काढून खालचे वर ठेवता येत नाही.

प्रसिद्धी आणि हरकती

सोपविलेला अधिकार वापरताना पद्धतीला महत्त्व असते. बदनापूर तालुक्याचे अस्तित्व हेच याचे उदाहरण आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा त्यात जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद व परतूर हे पाच तालुके होते. बदनापूर, घनसावंगी आणि मंठा हे तालुके नंतर झाले. नव्या तालुक्यासाठी विधानसभेत विधेयक मांडावे लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ ने महसुली क्षेत्रे ठरविण्याचा, त्यांच्या सीमा बदलण्याचा आणि त्यांना नाव देण्याचा अधिकार राज्य शासनास दिला आहे. तालुक्यातील गावांचे सजे आणि सजांची मंडळे ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. परंतु त्याच कलमाने अशी अधिसूचना किंवा आदेश पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन ठेवला आहे. आधी मसुदा प्रसिद्ध करावयाचा, हरकती व सूचना मागवावयाच्या, त्यांचा विचार करावयाचा आणि मगच अंतिम अधिसूचना काढावयाची. आपले गाव कोणत्या तालुक्यात किंवा सजात जावे, याबद्दल ग्रामसभेने करावयाचा ठराव या टप्प्यावर उपयोगी पडतो. अंतिम अधिसूचनेनंतर त्याचे बळ फार कमी होते. राजपत्रातील मसुद्याकडे लक्ष ठेवणे हे म्हणूनच पंचायत सदस्याचे एक महत्त्वाचे काम होय.

अंतिम प्रसिद्धीचेही असेच. नोव्हेंबर १९६२ मध्ये झुरिकहून मनिलाकडे जाणारा एक परदेशी प्रवासी मुंबईच्या विमानतळावर ३४ किलो सोन्यासह सापडला. सोने वाहून नेण्यासंबंधीची रिझर्व्ह बँकेची नवी अधिसूचना त्याच महिन्याच्या २४ तारखेस राजपत्रात प्रसिद्ध झाली होती. ती आपणास ठाऊक नव्हती, असे त्याचे म्हणणे होते. राजपत्रात रीतसर प्रसिद्धी झाली, म्हणजे ती लागू झाली, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने दिला. राजपत्र वाचले नाही ही सबब चालत नाही. मात्र प्रसिद्धच न केलेला नियम नागरिकावर लादताही येत नाही. दोन्ही बाजूंना बांधणारी ही शिस्त आहे.

सभागृहाची देखरेख

अधिकार सोपविला म्हणजे सभागृहाची जबाबदारी संपत नाही. बियाणे अधिनियमाच्या कलम २५ प्रमाणे प्रत्येक नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे एकूण तीस दिवस ठेवावा लागतो. त्यात बदल करण्याचा किंवा तो रद्द करण्याचा अधिकार सभागृहांना असतो. आपल्या राज्याच्या अधिनियमांतही अशीच तरतूद सामान्यतः आढळते. हजारो नियम सर्व सदस्यांनी वाचणे शक्य नसल्याने हे काम समितीकडे दिले जाते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या कारकिर्दीत, १९५३ मध्ये, लोकसभेची अशी समिती स्थापन झाली. महाराष्ट्र विधानमंडळात उपविधान समिती हे काम पाहते. नियम मूळ अधिनियमाच्या मर्यादेत आहे काय, त्याने पूर्वलक्षी परिणाम घडविला आहे काय, अधिनियमात नसलेला कर किंवा दंड लादला आहे काय आणि नियम करण्यास विलंब झाला आहे काय, हे प्रश्न अशा समित्या विचारतात. यांतील शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. नियमांवाचून अधिनियमातील हक्क पुष्कळदा कागदावरच राहतात.

न्यायालय कोठवर जाते?

शिक्षक वाचकांना परिचित असे एक प्रकरण येथे सांगितले पाहिजे. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने १९६५ च्या अधिनियमाखाली १९७७ मध्ये विनियम केले. त्यांनुसार परीक्षार्थीस गुणांची पडताळणी मागता येत होती. परंतु उत्तरपत्रिका पाहण्याचा किंवा तिचे पुनर्मूल्यांकन मागण्याचा हक्क नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने हे विनियम अवैध ठरविले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. विनियम अधिनियमाने दिलेल्या अधिकारात बसतो काय आणि अधिनियमाशी किंवा संविधानाशी विसंगत आहे काय, एवढेच न्यायालयाने पाहावयाचे. तो अधिक शहाणपणाचा करता आला असता काय, हे पाहावयाचे नाही, असे न्यायालयाने म्हटले.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा निर्णय निराशाजनक होता. परंतु त्यातून एक वाट दिसते. नियम चुकीचा वाटत असेल, पण अधिकारात बसत असेल, तर दाद न्यायालयाकडे नव्हे, तर नियम करणाऱ्याकडे आणि सभागृहाकडे मागावी लागते. पुढे २०११ मध्ये, २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाच्या आधारे, परीक्षार्थी स्वतःची मूल्यमापन झालेली उत्तरपत्रिका पाहू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका मंडळाच्या प्रकरणात दिला. आज आपल्या राज्य मंडळातही उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांची सोय आहे. न्यायालयाने जे नाकारले, ते संसदेच्या नव्या कायद्याने आणि मंडळाने स्वतः केलेल्या बदलाने साध्य झाले.

ग्रामपंचायतीच्या हाती

पंचायत सदस्यांनी हा विषय परका मानू नये, कारण त्यांच्या हाती असलेला अधिकारही सोपविलेलाच आहे. संविधानाच्या अनुच्छेद २४३-छ ने पंचायतींना अधिकार देण्याचे काम राज्य विधानमंडळाकडे दिले आणि अकराव्या अनुसूचीत २९ विषय नमूद केले. घरपट्टीचेच पाहा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ ने कर बसविण्याचा अधिकार पंचायतीस दिला. पण दर शासनाने विहित केलेल्या किमान व कमाल मर्यादेत असावा लागतो. १९६० च्या कर व फी नियमांनी ठराव, नोटीस व हरकती यांची पद्धत घालून दिली. आकारणीविरुद्ध नागरिकास पंचायत समितीकडे अपील करता येते. मासिक सभेत ‘गावाच्या हितासाठी’ म्हणून एखादी नवी वर्गणी सक्तीची करण्याचा ठराव झाला, तर हेतू कितीही चांगला असला तरी तो टिकत नाही. अधिनियमात जो कर नाही, तो ठरावाने निर्माण होत नाही. शासनाच्या आदेशाला जो नियम आपण लावतो, तोच आपल्या ठरावालाही लावणे हे पंचायतीच्या प्रतिष्ठेचे लक्षण आहे.

पाच प्रश्न

कोणताही नियम, अधिसूचना किंवा आदेश हाती आला, अथवा तो स्वतः काढावयाचा असला, की पुढील पाच प्रश्न विचारावेत.

१. हा कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमान्वये काढला आहे? अधिसूचनेच्या प्रारंभीच हा उल्लेख असतो. तो नसेल तर कागद बहुधा प्रशासकीय सूचनेच्या स्वरूपाचा असतो.

२. काढणाऱ्या प्राधिकाऱ्यास तो अधिकार स्वतःचा आहे, की पुन्हा सोपविलेला? तसे असल्यास सोपविण्याची मुभा अधिनियमात आहे काय?

३. कलमाने सांगितलेली पद्धत, म्हणजे समितीशी विचारविनिमय, पूर्वप्रसिद्धी आणि हरकतींचा विचार, पाळली गेली काय?

४. अंतिम मजकूर राजपत्रात किंवा विहित रीतीने प्रसिद्ध झाला काय, आणि तो कोणत्या दिनांकापासून लागू आहे?

५. अधिनियमाने दिलेला हक्क तो कमी करतो काय, किंवा अधिनियमात नसलेला बोजा टाकतो काय? तसे असल्यास अपील कोणाकडे?

हे प्रश्न अधिकाऱ्यास अडविण्यासाठी नाहीत. ज्या अधिकाऱ्याजवळ त्यांची उत्तरे तयार असतात, त्याचा आदेश अपिलात टिकतो. ज्या शिक्षकास ती माहीत असतात, तो विद्यार्थ्याला योग्य दार दाखवू शकतो. आणि मृगात पेरलेली तूर उगवली नाही म्हणून जो शेतकरी निळी खूणचिठ्ठी, पावती आणि मूठभर शिल्लक बियाणे घेऊन पंचायत समितीत येतो, त्याला ‘लेखी तक्रार द्या, नियम २३-अ प्रमाणे तपास झालाच पाहिजे’ असे सांगणारा पंचायत सदस्य संसदेने १९६६ मध्ये सोपविलेल्या अधिकाराचे काम पूर्णत्वास नेतो.